चुन्याच्या रेषेची पुढची कडा

लोटन, मिसिसिपी
२८ ऑगस्ट १९९४

प्रिय मार्लन,

तुला कॉलेजला नेणारी बस वळणाआड गेली तरी तुझी आई हात हलवतच होती. मी म्हणालो, "अर्लीन, आता तू विजेच्या खांबाला निरोप देते आहेस." तर म्हणाली, "खांब निदान जागेवर तरी राहतो, ओडेल." तिला दर रविवारी फोन कर. मला मात्र पत्र लिही. फोनवर मला सुचत नाही. आमच्या चर्चच्या शाळेत आठवीपर्यंत जेवढं शिकलो, तेवढ्यावर कागदावर सावकाश का होईना, नीट बोलता येतं.

येत्या शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा पहिला सामना. साखळी यंदाही आम्हा तिघांकडेच आहे. हे माझं बाविसावं वर्ष. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही ते मोजायला दोन खांब, मधे दहा यार्डांची साखळी आणि समोर पाहुण्यांच्या शिव्या. तू मैदानात नसशील, तेव्हा मी बघायचं कुणाकडे, हा प्रश्नच आहे.

मासळीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवा मुलगा लागला आहे. वेंडेल ग्रोव्हज, ब्रायर क्रीकचा. गेल्या नोव्हेंबरात बाद फेरीत आपण ज्यांना हरवलं, त्यांचा कॉर्नरबॅक, कडेला पास झेलणाऱ्याला अडवणारा. तू आपल्याकडून खेळायचास, त्याच जागेवरचा. सुरीवर हात चांगला आहे. बोलतो कमी.

प्रभू तुझे पाय सांभाळो. कॉर्नरबॅकचं सगळं पायांत असतं, असं तूच सांगतोस.

तुझा,
ओडेल मामा


२ ऑक्टोबर १९९४

ओडेल मामा,

हे सबंध वर्ष मला सामन्यात उतरवणार नाहीत. नव्या मुलांना असंच एक वर्ष राखून ठेवतात. आईला वाटतंय मला नापास केलं. तिला तुम्ही समजावा.

महिनाभर मी फक्त उलटा धावतोय. गावात मी सगळ्यांत वेगवान होतो. इथे प्रत्येकजण आपापल्या गावात सगळ्यांत वेगवान होता. कोच हॅमंड काल सगळ्यांसमोर म्हणाले, "टिलमन, तुझी कंबर गंजलेल्या फाटकासारखी वळते. घरी तेल नव्हतं का?" आमच्या कामाचं दुखणं असं, मामा, की पास झेलणाऱ्याला ठाऊक असतं कुठे पळायचं. आपल्याला नसतं. आपण पाठमोरे पळत त्याच्या कमरेकडे बघत राहायचं. बाकी कुणाची चूक ढिगाऱ्यात लपते. कॉर्नर चुकला की तो उघड्यावर एकटा, आणि सबंध मैदान त्याच्याकडे बघतंय. म्हणून इथे पहिला धडा विसरण्याचा. हुकलेला चेंडू पुढच्या चेंडूआधी विसरायचा. कोच म्हणतात, ज्याची स्मरणशक्ती चांगली त्याने वकील व्हावं.

चौथ्या वर्षाच्या एका मुलाने एक युक्तीही शिकवली. झेलणाऱ्याच्या काखेखाली, पंचाची नजर पोचत नाही तिथे, सदरा दोन बोटांत धरायचा. "धरायचा नाही रे," तो म्हणतो, "नुसती ओळख ठेवायची." पाऊलभर फरक पडतो. मला छान जमायला लागलंय.

वेंडेल ग्रोव्हज ना? आठवला की! आपला गडी त्याच्या हातून बोटभर निसटला, म्हणून तर आपण पुढच्या फेरीत गेलो. त्याच्या गावात त्याला 'बोटभर'च म्हणतात असं ऐकलं. खरंय का? माझा सलाम सांगा त्याला!

मार्लन


१६ ऑक्टोबर १९९४

मार्लन,

कापड सोड.

पंचाला दिसत नाही म्हणून केलेली गोष्ट सगळ्यांत जास्त दिवस टिकते. बाकीच्यांना दिसत नाही, आपल्याला दिसत राहते. आज दोन बोटांत सदरा आहे, उद्या दुसरं काही असेल. तुला देवाने पाय दिले आहेत. त्यांच्या जोरावर जेवढं मिळेल तेवढं घे आणि हरलास तर हर. पुन्हा असलं काही मला कौतुकाने लिहून कळवू नकोस.

वेंडेलला तुझा सलाम मी सांगितलेला नाही. सांगणार नाही.

ओडेल मामा


३० जानेवारी १९९५

ओडेल मामा,

हिवाळाभर लिहिलं नाही. नाताळात घरी आलो तेव्हाही आपण दोघं हवामानाबद्दलच बोललो. आई विचारत होती, मामा-भाच्याचं काय बिनसलंय? मी म्हटलं, काही नाही.

तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, चर्चमध्ये मला सगळ्यांसमोर उभं केलंय आणि डीकन ओडेल पिटमन बोट रोखून बोलताहेत. मी सदरा सोडला. सोडल्यावर सरावात एकाच दुपारी तिघांनी मला मागे टाकलं. कोच म्हणाले, "काय रे, हात घरी विसरलास?" आता मी यादीत पाचवा आहे. कॉर्नर खेळतात दोन.

मामा, रागाने विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही आयुष्यात कधी असं काही केलंच नाहीत का? मला लहानपणापासून वाटत आलंय की तुम्ही केलं नसणार. वडील गेल्यावर आईने मला सांगितलं होतं, मामांकडे बघून चाल. मी तसाच चालत आलो. पण इतक्या सरळ माणसाकडे बघून चालणं फार अवघड जातं.

मार्लन


१२ मार्च १९९५

प्रिय मार्लन,

तुझा प्रश्न सहा आठवडे खिशात घेऊन फिरतो आहे. आज रविवार आहे. चर्चमधून येऊन जेवलो, भांडी घासली, आता दुसरं काही करायला उरलेलं नाही.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी क्रमाने लिहिणार आहे. नाहीतर मधलंच काहीतरी गाळून टाकेन.

ब्रायर क्रीकविरुद्धचा तो सामना. आपण चार गुणांनी मागे होतो, शेवटची पाच मिनिटं राहिली होती. तू त्यांचा पास अडवलास आणि पोटरीत गोळा येऊन पडलास. दोघांनी धरून तुला बाहेर नेलं. चेंडू आपल्याकडे आला. साखळी नव्याने लावायची वेळ झाली. माझं काम चिमट्याचं. मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याची रेषा असते, चार इंच रुंद, माझ्या पंजाएवढी. साखळी जिथे त्या रेषेवरून जाते, तिथे तिला चिमटा लावायचा. म्हणजे मोजायची वेळ आली की साखळी उचलून मैदानात न्यायची, चिमटा पुन्हा त्याच रेषेवर ठेवायचा आणि खांब कुठे पडतो ते बघायचं. नियम एकच. चिमटा नेहमी रेषेच्या मागच्या कडेला. एकवीस वर्षांत मी चुकलो नव्हतो.

त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो. तुझा पाय सरळ होतोय का ते बघत बघत मी चिमटा लावला.

मग चौथा, शेवटचा प्रयत्न. आपला गडी चेंडू घेऊन घुसला आणि वेंडेल पार दुसऱ्या टोकाकडून येऊन त्याच्या गुडघ्यांवर आदळला. दहा यार्ड पुरे झाले नसतील तर चेंडू त्यांचा, आणि ते झाले की नाही, कुणाला कळेना. पंच साखळी न्यायला आले. मला अठरा वर्षं ओळखणारा माणूस. चिमट्याला हात घालताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मागचीच कडा ना, ओडेल?"

मी खाली पाहिलं. चिमटा पुढच्या कडेला होता.

चूक झाली होती, तिचं मला काही वाटत नाही. चूक कुणाचीही होते. "साहेब, पुढची आहे," एवढं म्हटलं असतं की त्यांनी पुढच्या कडेला ठेवून मोजलं असतं. मी म्हणालो, "मागचीच, साहेब."

त्यांनी चिमटा मागच्या कडेवर ठेवला. सगळी साखळी चार इंच मागे सरली. चेंडूचं टोक खांबाच्या दोन इंच पुढे निघालं. म्हणजे खरं तर ते दोन इंच मागे होतं. वेंडेलने आपल्या गड्याला थांबवलं होतं, मार्लन. सामना तिथेच संपला होता. त्याऐवजी आपण तीन मिनिटांनी गुण केले, जिंकलो, पुढच्या आठवड्यात जॅक्सनला गेलो. तिथे तू दोन पास हिसकावलेस आणि कॉलेजसाठी मुलं निवडायला तुझे कोच हॅमंड तिथे बसलेले होते.

मी साखळी नेहमी पाहुण्यांच्या बाजूला उभा राहून धरतो. वेंडेल माझ्यापासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसला होता. "मी पोचलो होतो, मी पोचलो होतो," असं पुटपुटत होता. हे मी ऐकलं आणि साखळी गुंडाळली.

आता तो रोज माझ्या शेजारी उभा असतो. त्याचा बाप क्लीटस ब्रायर क्रीकमध्ये न्हावी आहे. सामन्यानंतरच्या शनिवारी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बाप म्हणाला, "काय करता, आमच्या पोराला बोटभर उशीर झाला." तेव्हापासून ते नाव पडलं. अर्कान्सामधल्या एका छोट्या कॉलेजने त्याला बोलावलं होतं. तो गेला नाही. मला म्हणाला, "ओडेलकाका, ज्याला बोटभर आधी पोचता येत नाही, त्याने तिथे जाऊन काय करायचं?" मी त्याला माझ्या डब्यातला मक्याचा पाव दिला. रोज काही ना काही देतो.

तरी हे सगळ्यांत वाईट नाही. जानेवारीत वर्नेलबाई टेबलापलीकडून ओरडली, "ए बोटभर, सुरी बोटभर खाली घाल, मांस काट्यालाच राहतंय!" सगळे हसले. मीही हसलो. हसू आलं म्हणून नाही. हसलो नसतो तर कुणीतरी माझ्याकडे पाहिलं असतं, म्हणून. वेंडेलने पाहिलं ते मात्र नेमकं माझ्याकडे.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सदऱ्याबद्दल मी तुला इतकं कठोर का लिहिलं, ते आता कळेल. मी तुला रागावत नव्हतो. मी त्याला आणि त्याच्या बापाला सांगायचं म्हणतो आहे. आधी तुला सांगणं भाग होतं.

ओडेल मामा


२ एप्रिल १९९५

ओडेल मामा,

पत्र वाचून मी ते चुरगाळलं. मग सरळ करून पुन्हा वाचलं. मग कुणाच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवलं. आता त्याच गादीवर झोपतो, म्हणजे पडून राहतो.

जॅक्सनला मी घेतलेले ते दोन पास कुणाचे? ते तरी माझे आहेत की नाहीत? गावात सगळे म्हणतात मार्लन स्वतःच्या पायांवर गेला. मीही तेच म्हणत होतो. तुम्हाला कबुली द्यायची होती ती दिलीत. आता ती माझ्याकडे आहे. मी तिचं काय करू?

वसंतातला सराव सुरू झालाय. सदरा न धरता खेळायला शिकलो. कंबर वळायला लागली. मी यादीत दुसरा आहे. सप्टेंबरात पहिल्यापासून मैदानात असेन, असं कोच म्हणाले. तुम्ही आत्ता सांगितलंत तर वर्तमानपत्रात येईल, मग इथे विचारतील, मग मी 'तो साखळीवाल्याचा भाचा' होईन. हंगाम संपेपर्यंत थांबा. डिसेंबरपर्यंत. तो इतके दिवस थांबलाय, अजून आठ महिन्यांनी त्याचं काय बिघडणार आहे?

हे मागायची मला लाज वाटते असं लिहिणार होतो. पण वाटत नाहीये. मला खेळायचंय.

मार्लन


२० एप्रिल १९९५

प्रिय मार्लन,

थांबतो.

तुझ्यासाठी थांबतो आहे असं मी म्हणू शकलो असतो. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं वाटलं. त्या दिवशी मी शीळ घालत अंगण झाडलं. अर्लीन म्हणाली, "आज स्वारी खुशीत आहे." त्यानंतर मला झाडू खाली ठेवून पायरीवर बसावं लागलं. मला निमित्त हवं होतं आणि ते मी माझ्या बहिणीच्या मुलाकडून घेतलं.

प्रार्थनेला बसतो, पण तोंडातून फक्त तुझं नाव येतं. त्याचं येत नाही.

ओडेल मामा


१५ ऑक्टोबर १९९५

ओडेल मामा,

कालचा सामना टीव्हीवर होता, तेव्हा तुम्ही आणि आईने पाहिलाच असेल. आईने फोनवर "तुझा गणवेश छान दिसत होता" असं म्हटलं, त्यावरूनच कळलं.

पहिले चार सामने बरे गेले होते. काल त्यांच्या त्या उंच पोराने मला तीनदा गुणांसाठी मागे टाकलं. तिसऱ्यांदा तो आत वळल्याचं दाखवून बाहेर निघाला आणि मी गवतावर हात टेकून त्याची पाठ बघत राहिलो. ऐंशी हजार माणसं. आपलीच माणसं ओरडायला लागली, "उघडं फाटक! उघडं फाटक!" सरावातलं ते नाव बाहेर कसं गेलं कुणास ठाऊक. आज सकाळी न्याहारीला गेलो तर माझ्या ताटात कुणीतरी दाराची बिजागरी ठेवली होती. सगळं भोजनगृह खाली मान घालून खात होतं. खांदे मात्र हलत होते. मी ती बिजागरी खिशात घातली आणि अंडी खाल्ली. दुसरं काय करणार?

विसर म्हणतात. मी विसरायला बसलो आणि मला तो आठवला. मी हुकलो, ते खरंच हुकलो. माझ्या नावाला निदान आधार आहे. तो तर पोचला होता. तो पोचलेला असूनही दोन वर्षं रोज खाली मान घालून खातोय. आणि तो पोचला होता हे जगात फक्त दोघांना माहीत आहे. त्यांतला एक मी.

'त्याचं काय बिघडणार आहे' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य माझ्याच हातचं आहे, हे मला आता बघवत नाही.

डिसेंबरची वाट बघू नका. सांगा.

मार्लन


१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय मार्लन,

सांगितलं. तुझं पत्र आल्यावरही मी दोन आठवडे घालवले, तेही लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी दुपारी वेंडेलला शाळेच्या मैदानावर घेऊन गेलो. शुक्रवारचा चुना अजून पुसला नव्हता. तो म्हणाला, "काय ओडेलकाका, म्हातारपणी खेळायला उतरताय का?" मी त्याला रेषेपाशी नेलं आणि तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने सांगितलं. मधे काही गाळलं नाही.

तो खाली बसला आणि रेषेवर आडवा पंजा ठेवला.

"इतकं?"

"इतकं."

"म्हणजे मी थांबवला होता."

"तू थांबवला होतास."

"दोन इंच मागे."

"दोन इंच मागे."

मला वाटलं होतं तो ओरडेल, कदाचित मारेल. मी तयार होतो. तो हळूच म्हणाला, "पंधरा महिने माझ्या शेजारी उभे होतात. रोज डब्यातलं दिलंत. मी आईला सांगायचो, कारखान्यात एक भला माणूस आहे." मग उठून हात झटकले. "शनिवारी दुकानात या. बाबांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. तिथेच नाव पडलं होतं."

काल गेलो. दुकान भरलेलं होतं. मला बघून कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "अरे, लोटनचा साखळीवाला! क्लीटस, याचे केस मोजून काप हो, नाहीतर बोटभर जास्त मागेल!" सगळे हसले. वेंडेल केस झाडत होता, त्याने मान वर केली नाही. मी टोपी काढली आणि उभ्यानेच सांगितलं. हसणं कुठल्या वाक्याला थांबलं ते मला सांगता येणार नाही.

क्लीटस एकाची दाढी करत होता. त्याचा वस्तरा गालावर तसाच थांबला. "कडा कुठली म्हणालास?"

"पुढची."

"आणि पंचाने विचारल्यावर?"

"मागची म्हणालो."

त्याने ती दाढी पुरी केली. अगदी नीट केली, घाई न करता. हात धुतले, पुसले, मग मुलाकडे वळला. "ते नाव मी ठेवलं."

"हो, बाबा."

"लोकांसमोर ठेवलं."

"हो."

मग तो दुकानाकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? माझ्या पोराने तो गडी अडवला होता. यापुढे ज्याच्या तोंडून ते नाव निघेल त्याने केस दुसरीकडे कापावेत. मीसुद्धा." मग मला म्हणाला, "तू आता निघ." मी निघालो. हात पुढे केला नव्हता. त्यानेही केला नाही. ते बरोबरच होतं.

आपल्या पाळकांकडे जाऊन चर्चमधलं डीकनचं काम सोडलं आहे. साखळीही शाळेला परत केली. मुख्याध्यापक म्हणाले, निकाल आता बदलत नाही, कशाला उकरून काढता? आज चर्चमध्ये माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. अर्लीन उशिरा आली, सगळ्यांसमोरून चालत आली आणि माझ्या शेजारी बसली. पण माझ्याशी बोललेली नाही.

आता एक गोष्ट राहिली, ती तुझी आहे. मी गाडीपाशी पोचलो तेव्हा वेंडेल मागून आला. म्हणाला, "मार्लनला माहीत होतं?"

मी किल्ली शोधायला लागलो. किल्ली माझ्या हातातच होती. 'नाही' हा शब्द, मार्लन, माझ्या जिभेवर तयार होता. त्या दिवशीच्या 'मागचीच'सारखाच, आणि पुन्हा तुझ्याचसाठी.

मी म्हणालो, "हो. मार्चपासून."

"आणि?"

"त्याने थांबायला सांगितलं. मलाही थांबायचंच होतं."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला. तुझा पत्ता त्याने मागितलेला नाही. त्याचा पत्ता मी या पत्राच्या मागे लिहिला आहे. काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला काही सांगण्याचा माझा हक्क आता फारसा उरलेला नाही.

तुझा,
ओडेल मामा


२६ नोव्हेंबर १९९५

वेंडेल ग्रोव्हज,

आपण कधी बोललो नाही. एकाच सामन्यात, एकाच जागेवर, समोरासमोरच्या दोन संघांतून खेळलो, एवढीच ओळख.

मार्च ते ऑक्टोबर, सात महिने मला माहीत होतं. मामांनी ते तुला सांगितलं आहे, पण माझ्या हातचंही तुझ्याजवळ असावं. मी त्यांना थांबायला सांगितलं, कारण मला खेळायचं होतं. दुसरं कारण नव्हतं. क्षमा मागणार होतो. पण क्षमा मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा काम तुलाच. म्हणून फक्त काय केलं ते सांगतो.

आमच्या शाळेने काढलेली त्या सामन्याची टेप माझ्या पेटीत होती. ती मी पुष्कळदा पाहिली होती, पण फक्त माझ्यासाठी. मी बाहेर बसलो की पुढे पळवायचो. त्यामुळे तो चेंडू मी कधी पाहिलाच नव्हता. या मंगळवारी पाहिला. मग कोचना विचारून आमच्या बैठकीत लावला. तू पार दुसऱ्या कडेला होतास. तुझा झेलणारा आत गेल्याबरोबर तू त्याला सोडलंस, तीन पावलांत वळलास आणि कुणाला काही कळायच्या आत गुडघ्यांपाशी होतास. कोच हॅमंड खुर्चीवरून उठले. "थांबव. मागे घे. पोरांनो, कंबर बघा याची! मी तुम्हाला वर्षभर काय सांगतोय? कोण हा?"

"वेंडेल ग्रोव्हज. ब्रायर क्रीक."

"कुठे खेळतो?"

"खेळत नाही. मासळीच्या कारखान्यात आहे."

"असा पोरगा मासे का कापतोय?"

खोलीत अकराजण होते. मी म्हणालो, "ठाऊक नाही, सर."

टेप काढली, पेटीत घातली, दारापर्यंत गेलो. दार उघडलं. मग लावून घेतलं आणि परत आलो. सगळे अजून बसलेले होते, कुणीतरी चहाटळपणा करत होता. मी म्हटलं, जरा ऐका. आणि तू मासे का कापतोस ते सांगितलं. सुरुवात मामांपासून केली नाही. माझ्यापासून केली.

मार्लन टिलमन